खाऱ्या पाण्यातली भिंत आणि जेट्टी: तपासणी, आखणी, दुरुस्ती

खाडीकाठच्या जुन्या दगडी भिंतीच्या दुरुस्तीचं अंदाजपत्रक उघडा. पहिली बाब बहुतेक वेळा ठरलेली असते: दर्शनी बाजूला सिमेंटच्या दरजा (दगडांच्या सांध्यांत भरलेला माल) किंवा सरळ प्लास्टर. काम झाल्यावर भिंत चकाचक दिसते. एक-दोन पावसाळ्यांत तिला पोट सुटतं आणि मागच्या रस्त्याला भिंतीला समांतर भेग पडते. मग दोष लाटांवर जातो. खरं तर त्या प्लास्टरनं दगडांमधल्या फटी आणि पाझर-नळ्या (मागचं पाणी बाहेर सोडणाऱ्या नळ्या) बुजवलेल्या असतात. भरतीला भरावात शिरलेलं पाणी ओहोटीला बाहेर पडायला जागाच उरत नाही.

हे आकड्यांत पाहू. पायापासून माथ्यापर्यंत ५ मीटर उंच भिंत धरा. मागे वाळूमिश्रित भराव, घर्षणकोन (मातीचे कण एकमेकांना किती धरून ठेवतात त्याचं माप) ३० अंश, वजन घनमीटरला १८ किलोन्यूटन आणि पाण्याखाली १०. ओहोटीला समुद्राचं पाणी पायापासून २ मीटरवर आहे. निचरा चांगला असेल तर मागचं पाणीही २ मीटरवर येतं आणि भिंतीवर मातीची ढकल लांबीच्या दर मीटरला साधारण ७० किलोन्यूटन राहते. निचरा बंद असेल आणि मागचं पाणी ३.५ मीटरवर अडकलं, तर मातीची ढकल ५९ होते, पण तिच्यात पाण्याची ४१ मिळते. एकूण १००. घसरण्याविरुद्ध १.५ सुरक्षा-गुणक (ढकलीच्या दीडपट प्रतिकार) ठेवून बांधलेली भिंत एका ओहोटीत १.०५ वर येते. पायाखालून पाण्याची उचल लागली की तेवढाही उरत नाही. म्हणून धक्क्याच्या भिंती भरतीत लाट आपटताना जितक्या सरकतात, त्याहून जास्त वेळा ओहोटीत, त्यातही पाऊस पडून गेल्यावरच्या ओहोटीत सरकतात.

दुसरं दुखणं पायथ्याचं. उभ्या भिंतीवर आलेली लाट परत फिरते, येणाऱ्या लाटेत मिसळते आणि भिंतीसमोर जवळपास दुप्पट उंचीची हालचाल तयार होते. तळाची वाळू तिथून उपसली जाते. भिंतीसमोरच्या लाटेच्या उंचीइतकी खोल धूप होऊ शकते हा ढोबळ अंदाज धरून पायाची पातळी ठरवतात. लाट १.५ मीटरची असेल तर आजच्या तळापासून १ मीटर खाली पाया नेऊन भागत नाही. एक तर तो खडकापर्यंत न्यावा, नाही तर समोर दगडांचा गालिचा द्यावा.

तिसरं दुखणं जेट्टीच्या आरसीसीतल्या (सळई घातलेल्या काँक्रीटमधल्या) फवाऱ्याच्या पट्ट्याचं, म्हणजे भरतीरेषेच्या वर जिथे लाटांचं पाणी उडतं त्या भागाचं. त्याकडे नंतर येऊ. ओळंबा, हातोडी आणि १२ मिमीची सळई घेऊन ओहोटीत चालत गेलेला माणूस पहिल्या दोन दुखण्यांचं निदान एका दिवसात करू शकतो.

आधी पातळ्यांचा घोळ मिटवा

समुद्रातल्या कामात सगळ्यात महाग चूक कागदावर होते. टाइड टेबलमधले (भरती-ओहोटीच्या वेळापत्रकातले) आकडे चार्ट डेटमपासून, म्हणजे सागरी नकाशाच्या शून्य पातळीपासून असतात आणि जमिनीवरचे बेंचमार्क (उंचीच्या पक्क्या खुणा) सरासरी समुद्रसपाटीपासून. मुंबईत या दोहोंत साधारण २.५ मीटरचा फरक आहे. उधाणाच्या भरतीची सरासरी चार्ट डेटमवर सुमारे ४.४ मीटर आणि उधाणाच्या ओहोटीची सुमारे ०.८ मीटर. दक्षिणेकडे हा पल्ला कमी होत जातो, गोव्यातल्या मुरगावला उधाणाची भरती जेमतेम २.३ मीटरची. म्हणून मुंबईचा नकाशा जसाच्या तसा उचलून मालवणला वापरू नये, आणि प्रत्येक आरेखनावर कोणता डेटम धरलाय ते ठळक लिहावं.

कामाची वेळ पाण्यावर ठरते. कोळीवाड्यांत चालणारा हिशेब आजही उपयोगी आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला ३, अष्टमीला ६, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. तिथून सहा तासांनी ओहोटी. म्हणजे सगळ्यात खालचं पाणी, जे पायथ्याच्या कामाला हवं असतं, ते उधाणाच्या दिवशी पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास मिळतं. दिव्यांची सोय न करता असं काम अंगावर घेऊ नये. हा हिशेब अंदाजाला ठीक, रोजचं नियोजन मात्र टाइड टेबलवरच करावं. ३.६ मीटरच्या पल्ल्यात, ओहोटीच्या पातळीपेक्षा १ मीटर वर असलेल्या जागी साधारण सव्वाचार तास मिळतात. ३० सेंटीमीटर वर असेल तर सव्वादोन, आणि त्यातलाही अर्धा तास चिखल धुण्यात जातो. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, पायथा उघडा पडतच नाही. तेव्हा वरची कामं घ्यावीत.

भिंतीची तपासणी

भिंतीवर दर ५ मीटरला रंगानं क्रमांक टाका आणि पुढच्या सगळ्या नोंदी त्या क्रमांकांवर करा. मग पाच गोष्टी तपासा.

ओळंबा लावून झुकाव मोजा. पायथ्यापासून १, ३ आणि ५ मीटरवर तळाची पातळी घ्या आणि सळई खुपसून खाली खडक आहे, घट्ट वाळू आहे की गाळ, ते पाहा. पायाच्या दगडाखाली सळई आत जात असेल तर किती जाते ते लिहा. अर्धा मीटर जात असेल तर दुरुस्ती पायथ्यापासूनच सुरू करावी लागेल. प्रत्येक भेगेच्या दोन बाजूंना दोन खिळे पक्के करून त्यांतलं अंतर कॅलिपरनं भरतीला आणि ओहोटीला मोजा. पाण्याबरोबर उघडझाप करणारी भेग ग्राउटनं (सिमेंटच्या पातळ मिश्रणानं) भरून टिकत नाही. ती हालचाल का होते ते आधी शोधावं.

पाझर-नळ्या ओहोटी सुरू झाल्यावर तासाभरानं पाहाव्यात. चांगल्या नळीतून स्वच्छ पाण्याची धार येते. कोरडी नळी तुंबलेली असते. गढूळ पाणी येणारी नळी सगळ्यात धोक्याची, कारण तिच्यातून भराव बाहेर जातोय. धारेखाली पांढरा रुमाल धरला की दोन मिनिटांत कळतं.

भिंतीमागची फरसबंदी हातोडीनं ठोकत जावं. पोकळ आवाज आला किंवा खड्डा पडलेला दिसला, तर तिथून भराव समुद्रात गेलेला आहे. अशा खड्ड्यात काँक्रीट ओतून वर फरशी बसवणं हा आपल्याकडचा लोकप्रिय उपाय. पुढच्या वर्षी खड्डा दोन मीटर बाजूला पडतो.

भिंतीची दुरुस्ती

क्रम पायथा, मग निचरा, मग पोकळ्या आणि शेवटी दर्शनी दरजा असा ठेवावा. उलटा क्रम घेतला की पुढच्या कामात आधीचं काम फोडावं लागतं.

पायथ्याच्या दगडांचं वजन लाटेच्या उंचीच्या घनानुसार वाढतं, हे विसरल्यामुळे बरेच धूपप्रतिबंधक बंधारे विस्कटतात. दगडाचं वजन काढायला हडसनचं सूत्र वापरा. दगडाची घनता (घनमीटरला टनांत) गुणिले लाटेच्या उंचीचा घन, भागिले स्थिरता-गुणांक, (सापेक्ष घनता उणे १) चा घन आणि उताराचा कोटँजंट यांचा गुणाकार. आपला काळा दगड २.६५ घ्या, समुद्राच्या पाण्याच्या तुलनेत २.५८५. फुटणाऱ्या लाटेत खडबडीत दगडाच्या दोन थरांसाठी गुणांक २, उतार १ उभ्याला २ आडवे. लाट १.५ मीटर असेल तर दगड साधारण ५६० किलोचा लागतो, २ मीटरला १.३ टन आणि ३ मीटरला साडेचार टन. दीड मीटरच्या लाटेचा दगड तीन मीटरच्या लाटेसमोर टाकला तर तो आठपट हलका पडतो. ट्रकमधून येणारा २००-२५० किलोचा डबर कितीही ब्रास ओतला तरी उघड्या किनाऱ्यावर राहत नाही. शांत खाडीत राहील.

वरच्या थराखाली त्याच्या दहाव्या ते पंधराव्या हिश्श्याच्या वजनाचे दगड आणि सगळ्यात खाली जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड). दगड कापडावर उंचावरून टाकू नये, ते फाटतं आणि फाटलेल्या जागेतून वाळू वर येते. गालिच्याची समुद्राकडची कडा तळात चर खणून पुरावी. ती नुसती वर ठेवली तर धूप तिच्याखालून आत शिरते.

निचऱ्यासाठी ७५ ते १०० मिमीच्या पीव्हीसी नळ्या, दीड ते दोन मीटर अंतरानं, चढत्या-उतरत्या दोन ओळींत, समुद्राकडे थोडा उतार देऊन बसवा. खालची ओळ जितकी खाली, तितकं मागे अडकणारं पाणी कमी. नळीच्या मागे नुसती खडी भरली तर बारीक माती तिच्यातून वाहून जाते, म्हणून गाळणीचा थर हवा. टर्झाघीचा नियम असा: गाळणीतला ज्या मापाखाली १५ टक्के कण आहेत ते माप, मातीतला ज्या मापाखाली ८५ टक्के कण आहेत त्याच्या पाचपटीपेक्षा कमी असावं. चाळणी-चाचणीचा कागद हातात नसेल तर न विणलेलं जिओटेक्स्टाइल आणि त्याच्या आत २० मिमी खडी हा सोपा मार्ग. भरावाला लाल चिकट मुरूम वापरू नये. तो पाणी धरतो आणि फुगतो. डबर, खडी, धुतलेली भरड वाळू चालते, महाग पडली तरी.

पोकळ्यांसाठी सिमेंट आणि बेंटोनाइट (एक बारीक चिकणमाती) यांचं ग्राउट, बेंटोनाइट सिमेंटच्या २ ते ४ टक्के. छिद्रं एक ते दीड मीटरवर, एकाआड एक सरकवलेली. भरणं खालून वर, दाब १ ते २ बारच्या वर नको, कारण जुन्या भिंतीला मागून पंपानं ढकलायचं काही कारण नाही. एक माणूस पंपाजवळ आणि दुसरा समुद्राच्या बाजूला उभा हवा. ग्राउट समोरून झिरपताना दिसलं की पंप बंद करून फट कापूस-सिमेंटनं बुजवावी आणि थांबून पुन्हा सुरू करावं. पाझर-नळ्यांत आधी गोणपाटाचे बोळे घाला. काम संपल्यावर ते काढा आणि प्रत्येक नळीतून पाणी येतंय याची ओहोटीत खात्री करा. न येणारी नळी पुन्हा ड्रिल करावी.

दरजांचं एवढंच: मूळ बांधकाम चुन्याचं आणि दगड जांभा असेल तर निव्वळ सिमेंटच्या कडक दरजा भरू नयेत. वाळू घेऊन आलेली लाट मऊ चिरा झिजवते, दरज तशीच राहते आणि काही वर्षांत भिंतीवर सिमेंटची जाळी उरते. लाटेच्या थेट माऱ्यात नवा दगड घालायचा असेल तर काळाच घाला.

आरसीसी जेट्टी

जेट्टी बाहेरून बरी दिसते आणि खालून सडते. होडी घेऊन ओहोटीत डेकखाली जा. बीमच्या तळाला सळईच्या रेषेत भेग, तिच्यातून तांबूस ओघळ आणि कोपऱ्याला सुटत आलेली खपली दिसेल. हातोडीचा हलका ठोका मारला की ‘टण्ण’ऐवजी ‘ढब’ असा आवाज येतो. खपली हातानं निघते आणि मागे सळईवर पापुद्र्यांचा काळपट-तांबडा गंज असतो. लोखंडाचा गंज मूळ लोखंडाच्या दोन ते सहापट जागा घेतो, त्या फुगण्यानंच काँक्रीट फुटतं. कायम पाण्याखाली असलेल्या पाइलला (तळात रोवलेल्या खांबाला) हे सहसा होत नाही, कारण तिथे प्राणवायू पोचत नाही. भरतीरेषेच्या वर, जिथे काँक्रीट रोज भिजतं आणि वाळतं, तिथे मीठ साठतं आणि हवाही मिळते. पाइलचा वरचा मीटर-दीड मीटर, पाइल कॅप (पाइलच्या डोक्यावरचा ठोकळा) आणि बीमचा तळ या तीन ठिकाणी तपासणीचा निम्म्याहून जास्त वेळ द्यावा.

चाचण्यांत कव्हरमीटर (सळईवर काँक्रीटचं किती कव्हर, म्हणजे आवरण आहे ते मोजणारा), हाफ-सेल (सळईचा विद्युत-दाब मोजून गंजाचा अंदाज देणारी) आणि क्लोराइड (काँक्रीटमधल्या मिठाची) तिन्ही एकत्र लागतात. हाफ-सेलचं वाचन तांबे-कॉपर सल्फेट इलेक्ट्रोडवर उणे ३५० मिलिव्होल्टपेक्षाही खाली असेल तर गंज सुरू असण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या वर, उणे २०० च्या वर असेल तर तितकीच नसण्याची. मात्र ओल्या, बुडालेल्या काँक्रीटमध्ये प्राणवायूच्या अभावीही उणे ६००-७०० येतं. अहवालात पाइलच्या बुडालेल्या भागाला लाल रंग देऊन सगळी पाइल बदलायला सांगितली असेल तर हा मुद्दा काढा. क्लोराइडसाठी ०-२०, २०-४०, ४०-६०, ६०-८० मिमी खोलीवरची भुकटी वेगवेगळ्या पिशव्यांत घ्या आणि दर टप्प्यानंतर ड्रिलचा बिट पुसा. मीठ सळईपर्यंत पोचलंय का, एवढंच आपल्याला कळायला हवं.

काँक्रीटच्या भारतीय मानकात, आयएस ४५६:२००० मध्ये, भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या काँक्रीटला सगळ्यात कडक वर्ग आहे: एम ४०, पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.४० पर्यंत, घनमीटरला किमान ३६० किलो सिमेंट, कव्हर ७५ मिमी. कामाचा जोड (एक ओतणी थांबून पुढची सुरू होते ती रेषा) नीचतम पाण्याच्या पातळीखाली ६०० मिमीपर्यंत आणि लाटांच्या माऱ्याच्या वरच्या-खालच्या रेषेच्या ६०० मिमीच्या आत येऊ देऊ नये असंही त्यात आहे. ओहोटी संपली म्हणून गवंडी जिथे थांबतो तिथेच जोड पडतो, म्हणून ओतणीची उंची टाइड टेबल पाहून ठरवा. सिमेंट निम्म्याच्या आसपास स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) असलेलं घ्या, त्यात मीठ हळू शिरतं. ‘सल्फेट रेझिस्टंट’ या नावाला भुलू नका. त्यातला सी-थ्री-ए (सिमेंटमधलं ट्रायकॅल्शियम ॲल्युमिनेट) कमी असतो आणि मिठाला बांधून ठेवणारा तोच घटक आहे. खाडीची वाळू न धुता वापरली तर पुढचं सगळं वाया. आरसीसीत एका घनमीटरला ०.६ किलो क्लोराइड ही मर्यादा आहे आणि ती एका वाळूनंच ओलांडली जाऊ शकते.

खपली पडलेल्या भागाची दुरुस्ती अशी करावी. जेट्टीवरची वाहनं बंद करा, बीमला टेकू द्या. खराब भागाची कडा कटरनं १० मिमी खोल सरळ कापा. निमुळती कडा ठेवली की नवा माल तिथूनच उचलतो. हलक्या ब्रेकरनं काँक्रीट सळईच्या मागे २० ते २५ मिमीपर्यंत काढा. हा भाग ठेकेदार टाळतात, कारण श्रमाचा आहे आणि मोजमापात दिसत नाही. सळईच्या फक्त पुढचं काँक्रीट काढून वर मॉर्टर थापलं तर मागचं खारट काँक्रीट तसंच राहतं. सळई सँड-ब्लास्टनं पांढरी करा, गोड्या पाण्याच्या दाबानं धुवा आणि व्हर्नियरनं मोजा. १६ ची सळई १४ वर आली असेल तर व्यास १२ टक्के कमी, पण क्षेत्रफळ २३ टक्के. इतकी घट असेल तर सोबत नवी सळई पूर्ण लॅप (जुन्या सळईशेजारी पुरेशी लांब जोड) देऊन टाका.

आता एक छुपी अडचण. दुरुस्तीचा तुकडा नवा आणि मीठविरहित, शेजारचं काँक्रीट जुनं आणि खारट. आधी गंजणारी जागा शेजारच्या सळईचा बचाव करत होती. ती बरी केली की तुकड्याच्या कडेला गंज सुरू होतो आणि दोन-तीन वर्षांत दुरुस्तीभोवती नवी खपली निघते. उपाय म्हणजे तुकड्याच्या कडेनं सळईला जस्ताचे ॲनोड (सळईऐवजी स्वतः झिजणारे तुकडे) बांधणं. तार घट्ट बसली का ते मल्टिमीटरनं तपासा. ॲनोडला विजेचा मार्ग हवा, म्हणून त्या जागी सळईवर इपॉक्सीचा थर आणि भोवती विद्युतरोधक पॉलिमर मॉर्टर वापरू नका. मीठ सगळ्या बीमभर सळईपर्यंत पोचलं असेल तर तुकडे जोडत बसण्यात अर्थ नाही. बाहेरून सळईला सौम्य वीज देऊन गंज रोखावा (कॅथोडिक संरक्षण) किंवा तो बीम बदलावा.

शटर लावून मायक्रो-काँक्रीट (बारीक खडीचं, सहज वाहणारं काँक्रीट) एकाच बाजूनं ओता, म्हणजे दुसऱ्या बाजूनं हवा निघते. पाण्याखालच्या पाइलला जॅकेट घालायचं तर आधी कालवं-शिंपले पूर्ण खरवडा. नव्या-जुन्या काँक्रीटमध्ये शेवाळाचा थर राहिला तर जॅकेट म्हणजे नुसती बांगडी. मिश्रणात काँक्रीट पाण्यात विरू न देणारं मिश्रक घाला, भरणी तळापासून ट्रेमी नळीनं (तळापर्यंत सोडलेल्या लांब नळीनं) आणि नळीचं टोक ताज्या काँक्रीटमध्ये किमान एक मीटर बुडालेलं ठेवा. ते एकदा वर निघालं की मधे चिखलाचा थर बसतो.

नवी जेट्टी बांधताना सळईत पैसे घालायचे की नाही यावर वाद होतात. मेक्सिकोतल्या प्रोग्रेसोची जेट्टी १९३७ ते १९४१ मध्ये स्टेनलेस सळईनं बांधली आणि अजून उभी आहे. शेजारी नंतर साध्या सळईनं बांधलेलीचे जेमतेम अवशेष उरले. सगळीकडे स्टेनलेस परवडणार नाही, पण फवाऱ्याच्या पट्ट्यातल्या सळईपुरता हिशेब करून पाहावा. इपॉक्सी लेपाच्या सळईवर मात्र भिस्त ठेवू नये. साइटवर वाकवताना, ओढताना लेप निघतो आणि गंज त्या एका जागी खोल जातो.

परवानग्या आणि हंगाम

किनारा नियमन क्षेत्राच्या २०१९ च्या अधिसूचनेखालची मंजुरी, महाराष्ट्र सागरी मंडळ, आणि कांदळवन जवळ असेल तर त्याचा ५० मीटरचा पट्टा, हे आधी पाहा. उघड्या समुद्रात भिंतीची आखणी बदलत असाल तर खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राकडून लाटांचा अभ्यास करून घ्यावा, कारण एका ठिकाणी अडवलेली वाळू शेजारच्या गावाच्या किनाऱ्यावरून कमी होते आणि भांडण तिथून सुरू होतं.

काम ऑक्टोबर ते मे. ऑक्टोबरमध्ये पायथ्याच्या पातळ्या, उधाणांच्या दिवसांत पायथ्याचे दगड, मग निचरा आणि ग्राउटिंग, आणि डेकखालचं काम मार्चच्या आत. एप्रिलनंतर डेकवर गोड्या पाण्यानं क्युअरिंग टिकवणं जड जातं आणि टँकरही मिळत नाही. १ जूनपासून मासेमारी बंद होते, होड्या धक्क्याला किंवा वर काढून लागतात. त्याआधी बोलार्ड (दोर बांधायचे खुंट) आणि फेंडरचे (होडीचा धक्का झेलणाऱ्या गाद्यांचे) बोल्ट बदलून घ्यावेत. पावसाळा संपला की भिंतीवरच्या त्याच रंगवलेल्या क्रमांकांसमोर तीच सळई पुन्हा खुपसावी आणि आकडा मेमध्ये काम संपताना घेतलेल्या आकड्याशेजारी लिहावा. ३० सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक असेल तिथे गालिच्याची कडा उघडी पडलीय का ते पुढच्या अमावास्येच्या ओहोटीला जाऊन पाहावं.